इंजिन माझं, कौतुक दाजींचं

दाजींना माझा हेवा वाटावा असं माझ्याकडे काही नाही. मला मात्र त्यांचा हेवा वाटतो, आणि तो माझ्या बाबांवरून वाटतो.

बाबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, नंदुरबारकडच्या लाईनवर. आता ते, मी आणि माझी बायको राहतो त्या गोडादऱ्याच्या दोन खोल्यांत खिडकीशी गुडघे धरून बसलेले असतात. हेच गुडघे ताईचा नवरा पांडेसऱ्याहून आला की दुखायचे थांबतात. बाबा उठून उभे राहतात आणि मला चहाचं सांगतात. मी रोज कारखान्यातून येतो तेव्हा घरात कोणी उठत नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

तर कडोदऱ्याला एका भंगारवाल्याकडे मला ते इंजिन दिसलं. कुठल्याशा शेठच्या बंगल्यातून आलेलं. चालायचं विजेवर, पण रूप हुबेहूब वाफेच्या इंजिनाचं. हातभर लांब, पितळेचं, सोबत गोल जुळणारे रूळ. एका बाजूचा चाकं जोडणारा दांडा गायब, मागचं चाक वाकडं, आणि पोटात उंदरानं केलेलं घर. मी पॉवरलूमचा फिटर. मोडकं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. पण खरं सांगायचं तर ते मी बाबांसाठी घेतलं. त्यांच्या तोंडून एकदा ‘झकास केलंस’ ऐकायचं होतं. आजवर ऐकलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ओट्यावर जुनं कापड पसरून बसायचो. दांडा पितळी पट्टीतून कानशीनं घासून काढला. बाजूचे कठडे तुटले होते, तिथं मागावरच्या जुन्या फणीच्या तारा बसवल्या. चाक सरळ केलं, मोटर उघडून साफ केली. बाबा खिडकीतून बघायचे. एवढंच म्हणायचे, “हातोडी धीरे मार.”

ज्या दिवशी ते रुळांवर ठेवलं त्या दिवशी ते हललंच नाही. मोटरला थेट तारा लावल्या की फिरायची, रुळांवर ठेवलं की मेल्यासारखी गप्प. बाबांनी मान हलवली. “मन्हं इंजिन कधी असं थांबनं नही,” म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

नेमके तेव्हाच दाजी आले. त्यांनी इंजिन उलटं केलं आणि चाकावरून बोट फिरवलं. बोट काळंभोर.

“अरे भाई, इतकं तेल! वीज रुळातून चाकात चढते ना? तेलातून कशी चढणार?”

आमच्या लूमवर एकच कायदा : जे हलतं त्याला तेल पाज. मी चाकांनाच काय, रुळांनाही पाजलं होतं. दाजींनी फडक्यावर थिनर घेऊन चाकं पुसली, रूळ पुसले, आणि इंजिन खटखट करत निघालं. बाबांनी टाळी वाजवली. “याले म्हंतस जवाई!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दांडा माझा, तारा माझ्या, मोटर मी जिवंत केली, आणि फडकं फिरवणारा शहाणा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

पुढे इंजिन जवळजवळ त्यांचंच झालं. दाजी पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये रंग मिसळायचं काम करतात. मी दिलेला चकचकीत काळा रंग पाहून म्हणाले, “हे लग्नातल्या बँडचं वाटतं.” त्यांनी त्यावर राखेचा हात दिला, धुराड्याला तांबूस तपकिरी लावला, पाणी गळतं तिथं चुन्याचे ओघळ काढले, मागच्या डब्यात खरा कोळसा कुटून भरला. काजळी कुठं धरते, गंज कुठून सुरू होतो, हे सगळं बाबांना विचारून. दोघं मित्रांसारखे डोकं जुळवून बसायचे. मी चहा आणून ठेवायचो.

एकदा बाबा त्यांना सांगत होते, कोळशाच्या फावड्यावर वांगी ठेवून ते भट्टीत भाजायचे आणि गाडी सिग्नलला थांबली की तिथंच भरीत करून खायचे. सांगताना हसत होते. मी जन्मभर या माणसाच्या घरात राहिलो, शेकडो वेळा त्यांच्या शेजारी बसून भरीत खाल्लं, आणि हे मला कधी सांगितलं नाही! त्या दिवशी मला दाजींचा इतका राग आला की त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी निमूट प्यायला, तेही खटकलं.

मग धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाचा सण. त्याला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे आणि ताटात अनारसे, दिवा आणि एखादी धातूची वस्तू घालून वाण द्यायचं. वाण जोडप्यानं द्यावं लागतं. आई नाही, म्हणून ताई-दाजी आले तेव्हा मी आणि बायको पाटावर बसलो. मी तांब्याचा गडू आणून ठेवला होता. बाबांनी तो बाजूला सारला.

“ते इंजिन ठेव ताटमा.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. “बाबा, ते मन्हं शे.”

“तुन्हं शे म्हनीसनच दी ऱ्हायनू. लोकेसनं उचलीसन देऊ का?” आणि सगळ्यांसमोर, ताईकडे बघत म्हणाले, “मन्हा पोऱ्यानं बनाडेल शे. आपला घरमा यानापेक्षा भारी काय शे?”

दाजी कानकोंडे झाले. “राहू द्या बाबा, त्याची मेहनत आहे.” बाबांनी ऐकलं नाही. ज्या शब्दांसाठी सगळा खटाटोप केला ते मिळाले, आणि तेही दाजींच्या ताटात वाढून.

अनारशांच्या मधोमध मीच इंजिन ठेवलं. बायकोनं दिवा लावला. आम्ही दोघांनी ताट उचललं. दाजींनी दोन्ही हात पुढे केले. बायकोनं तिच्या बाजूनं सोडलं. मी सोडलं नाही.