खेळातले दाजी

ताईचा फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या कारखान्यात दुपारच्या पाळीवर होतो. "सुनील, दाजी गेले रे," एवढंच ती बोलली. त्यांना दवाखान्यात हलवल्याचं तिने आदल्या दिवशीच कळवलं होतं आणि मी ‘उद्या सुट्टी काढतो’ म्हणालो होतो... ती सुट्टी दुसऱ्याच कारणासाठी काढावी लागली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन दीड महिना झाला, पाहुणे पांगले, आणि आता लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट त्यांच्याजवळ बोलायची राहून गेली.

दाजी मूळचे नामपूरचे. द्वारका चौकात त्यांचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस होतं. कांद्याची भरलेली गाडी कुठल्या रस्त्याने किती वेळात पोचेल, हे ते बसल्या जागी सांगायचे. पन्नाशीत काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. ऑफिस दुसऱ्याच्या हाती दिलं आणि ते घरी खुर्चीत गप्प बसून राहू लागले. "तू रविवारी येत जा," ताई म्हणाली, "माणूस बोलायचाच बंद झालाय." बरोबर बसून काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून एका रविवारी मी माझं व्हिडिओ गेमचं मशिन घेऊन गेलो, त्यांच्या टीव्हीला जोडलं आणि खेळता खेळता पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहिलो. "एक माणूस पुलावर उभा आहे. समोर दोन वाटा फुटतात." दाजी खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "गाडीवाट कोणती?" मी म्हणालो, "डावीकडची." "मग मी उजवीकडून जातो. गाडीवाटेवर नाका असणार."

त्या ‘मी’ने मी चमकलो. इतकी वर्षं खेळत होतो, पण पडद्यावरच्या माणसाला मी नेहमी ‘तो’ म्हणायचो. तो पडला, तो मेला, चला पुन्हा सुरू. दाजींनी त्याला कधीच ‘तो’ म्हटलं नाही. रंगात आले की त्यांची अहिराणी बाहेर यायची, "मी कोठे शे आते?" आणि मी सांगायचो, तुम्ही विहिरीपाशी आहात, तुम्ही दारात उभे आहात. पुस्तकातला नायक आपल्याला विचारून वागत नाही. तो चुकला तर आपण हळहळतो आणि पान उलटतो. या खेळांत मात्र गोष्ट लिहिणारा नायकाची जागा अर्धी रिकामी ठेवतो. तिथे जाऊन बसेल त्याच्या स्वभावाने गोष्ट पुढे सरकते, आणि जे घडेल त्याचा धनीही तोच होतो. हे मला दाजींच्या शेजारी बसून कळलं. ओसाड घर दिसलं की मी बिनदिक्कत सामान उचलायचो, खेळच तर आहे म्हणून. दाजी म्हणत, "ठेव ते जागेवर. माझ्या हातून चोरी नको."

मशिन त्यांच्याकडेच राहिलं आणि तीन वर्षं आमचे रविवार असे गेले. मग तो बर्फातल्या घाटाचा खेळ आला. त्यात एक म्हातारा वाटाड्या आपल्याला डोंगरापलीकडे नेत असतो. सात-आठ रविवार तो आमच्या बरोबर होता. दाजींना त्याची बडबड फार आवडायची. उतार लागतो तिथे म्हाताऱ्याचा पाय मोडतो आणि पडद्यावर दोन पर्याय येतात. त्याच्यापाशी थांबा, नाहीतर एकटे उतरा. मी वाचून दाखवले.

"थांबायचं," दाजी लगेच म्हणाले. "घाटात माणूस टाकून जात नाहीत."

त्या संध्याकाळी माझ्या घरी पाहुणे यायचे होते. पाच वाजत आले होते. थांबलो तर अजून तासभर जाणार, उतरलो तर दहा मिनिटांत खेळ संपणार... मी उतरायचं बटण दाबलं. आणि तोंडाने सांगत राहिलो की तुम्ही शेकोटी पेटवली, रात्रभर त्याच्याजवळ बसलात, सकाळी गावातली माणसं झोळी घेऊन आली, दोघंही सुखरूप खाली पोचलात. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "नीघ आता," म्हणाले, "तुझे पाहुणे येतील."

पुढच्या रविवारी तिकडे जायला माझा पाय उचलेना. आपल्या हातून चोरीसुद्धा होऊ न देणारा माणूस, आणि मी त्यांच्या नावावर म्हाताऱ्याला बर्फात सोडून आलो होतो. मी काहीतरी काम काढलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. असं करता करता दोन वर्षं गेली. सणावाराला भेटायचो, तेव्हा पावसापाण्याचं बोलून उठायचो. "सुनील मोकळा आहे का, विचारत होते," असा ताईचा फोन यायचा. "या महिन्यात नाही जमत गं," मी म्हणायचो.

तेराव्यानंतर स्वयंपाकघरात मी ताईला हे सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना माहीत होतं. तू गेलास त्याच दिवशी म्हणाले, बर्फावर पावलं एकाचीच वाजत होती."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, विचारा त्याला. तर म्हणाले, नको. त्याला घाई असेल. पुढच्या वेळी आला की तोच सांगेल, मग परत घाटापासून खेळू." निवडलेली कोथिंबीर बाजूला सारून ती म्हणाली, "तुझं ते मशिन दर रविवारी पुसायला लावायचे मला."

गेल्या रविवारी मी गेलो. घाटापर्यंतचा खेळ मशिनमध्ये साठवलेला होता. ताई दाजींच्या खुर्चीत बसली. तिला दिसत होतं, तरी मी बोलून सांगत गेलो, या वेळी जे होतं तेवढंच. मी थांबायचं बटण दाबलं. सव्वा तास लागला. शेकोटी पेटली खरी, पण झोळी घेऊन कुणी येत नाही. म्हातारा अधूनमधून बोलतो, आपल्या गावाची वाट सांगतो, आणि उजाडताना जातो.

"मग हा?" ताईने पडद्यावरच्या आपल्या माणसाकडे बोट करून विचारलं.

"बसलाय त्याच्यापाशी. मी बटण दाबलं की उठेल."

"राहू दे," ताई म्हणाली.

मी रिमोट टेबलावर ठेवला. घरात अंधारून येईपर्यंत आम्ही दोघांनी त्याला तसंच बसू दिलं.