अण्णांच्या खिशातलं पिवळं कार्ड

माझ्या बायकोचे काका, म्हणजे आमचे अण्णा, यांच्याइतका न्यायी माणूस अख्ख्या बेंगळुरात झाला नाही. आणि इतका न्यायी माणूस घरात असला की काय होतं, हे बसवनगुडीत त्यांच्याकडे जेवायला गेल्याशिवाय कळायचं नाही. बँकेतली नोकरी त्यांनी पोटासाठी केली. खरा जन्म गेला तो फुटबॉलच्या मैदानावर, पंचाची शिट्टी तोंडात धरून. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पिवळं आणि लाल कार्ड असायचंच. महादेवपुऱ्याहून ट्रॅफिकमधून धडपडत रविवारी वीस मिनिटं उशिरा पोचलो, की दारातच पिवळं कार्ड वर. "जावईबापू, आणखी एक झालं की लाल. मग पुरणपोळी नाही!" सांबारात मीठ जास्त पडलं म्हणून काकूंना कार्ड दाखवलं, तेव्हा काकूंनी ते फोडणीत टाकायची धमकी दिली होती. आणि डब्यातला शेवटचा लाडू चुकून खाल्ला म्हणून आरशासमोर उभं राहून अण्णांनी स्वतःलाच कार्ड दाखवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

घराजवळच्या एका कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम होती. दर शनिवारी सकाळी अण्णा तिथे फुकट राबायला जायचे. दोरी लावून, वाकून, मैदानावर फक्कीच्या रेघा स्वतः आखायचे. दुसऱ्याने आखलेली रेघ त्यांना पसंत पडत नसे. टीमने विद्यापीठाची ढाल जिंकली तेव्हा कॅप्टन, निपाणीकडची मराठी मुलगी, ती ढाल आधी अण्णांच्या घरी घेऊन आली. काकूंनी तिला ओवाळलं.

पुढे एका शनिवारी केळी वाटताना अण्णांनी एका खेळाडूला सहज विचारलं, परीक्षा कधी? ती म्हणाली, "याव परीक्षे, सार? कसली परीक्षा? मला शिफ्ट आहे." ती आणि तिची मैत्रीण यशवंतपूरच्या कारखान्यात कामाला होत्या. कोचने दोघींना दुसऱ्याच विद्यार्थिनींच्या नावावर खेळवलं होतं. अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी विद्यापीठाला तक्रार लिहिली, तीही साध्या कागदावर नाही. जन्मभर सामन्यानंतर जो छापील अहवाल भरला, त्याच्याच एका प्रतीवर. दोषी व्यक्ती: कोच. पुढे 'संघ' असा रकाना होता. रिकामा रकाना अण्णांना सोसत नाही. त्यांनी कॉलेजचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

कोच दुसरीकडे नोकरी धरून मोकळा झाला. ढाल परत गेली. ते योग्यच झालं, असं अण्णाच म्हणाले. पण टीमवर तीन वर्षं बंदी आली. कॅप्टनचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. ती घरी आली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "सर, आमचं काय चुकलंय हो?"

बंदीविरुद्ध कॉलेजने विद्यापीठात अपील केलं. त्या सुनावणीला अण्णा पंचाचा काळा पोशाख घालून गेले. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. समितीसमोर ते म्हणाले, "फाउल ज्याने केला त्याला कार्ड. अकराच्या अकरा जणींना बाहेर काढा, असं कुठल्या नियमात आहे?" अध्यक्षीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि त्या दिवशी ज्या पोरी हरल्या, त्यांचं वर्ष कोण परत देणार, सर?" बंदी कायम राहिली.

परतताना रिक्षात म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे हो. माझंही बरोबर. मग शिट्टी कुणावर वाजवायची?" थोड्या वेळाने म्हणाले, "तो रकाना मी रिकामा ठेवायला हवा होता." मी सांगितलं, तरी त्यांना कॉलेजचं नाव कळलंच असतं. "सरी, बरं," म्हणाले, पण त्यांना पटलं नव्हतं.

शनिवारी ते अजून रेघा आखतात. पोरी आपसातच दोन गट करून खेळतात. कॅप्टन परीक्षा देऊन निपाणीला गेली. जाताना अण्णांच्या पाया पडली.

तेव्हापासून त्यांच्या खिशात फक्त पेन असतं. मला ते बघवत नाही. म्हणून हल्ली मी मुद्दाम उशिरा जातो. परवा तर चांगला पाऊण तास उशीर केला आणि बूट न काढता दारातच उभा राहिलो. अण्णांचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेनाला लागला आणि खाली आला.

"या, बसा," ते म्हणाले. "ट्रॅफिक असेल. तुमचा काय दोष?"