नाव पुसलेला ड्रम

ती घटना आजही आठवली की लग्नातला मठ्ठा माझ्या घशाखाली उतरत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात काढली. आमच्या हद्दीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. आग विझली, जखमींना पुण्याला हलवलं, पंचनामा झाला, आणि खरी भीती त्यानंतर सुरू झाली. कारखान्याची भिंत पडली होती आणि गोदामातले पाच निळे ड्रम गायब होते. तपासणीला आलेल्या तज्ज्ञाने सांगितलं, ड्रम रिकामे असले तरी बुडाशी साका आहे. त्यात भरलेलं काहीही पोटात गेलं तर माणूस वाचणं कठीण.

आपल्याकडे निळा ड्रम कुणाला नको असतो? पाण्याला तोच, फवारणीला तोच, लग्नात मठ्ठ्यालाही तोच. माझी तर अन्नावरची वासनाच उडाली. पण मी पडलो खाकीतला. गावोगाव रिक्षा फिरवून भोंग्यावरून, विषाचं काही न सांगता, नुसता दम भरला, की ज्याच्याकडे ड्रम सापडेल त्याच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होईल. दुसऱ्याच दिवशी चार ड्रम उसात, ओढ्यात फेकलेले मिळाले. मी स्वतःवर खूश झालो. पाचवा मात्र मिळेना.

मग एका सकाळी ओतूरच्या हार्डवेअरवाल्या शेठजींचा फोन आला. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजींना पंचक्रोशीतलं घर न् घर ठाऊक. म्हणाले, “साहेब, एका गिऱ्हाइकानं चार दिवसांपूर्वी ड्रमवर नाव टाकायला ऑइलपेंट नेला. काल तेच नाव पुसायला थिनर नेलं. मला काही बरं वाटलं नाही.”

लग्नाकार्यात ड्रम घरोघरी फिरतात, अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक जण आपलं नाव टाकतो. टाकलेलं नाव पुसणारा मी तरी कधी पाहिला नव्हता.

ते गिऱ्हाईक म्हणजे जवळचाच एक शेतकरी. त्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा साधा माणूस, दोन्ही हात टॉवेलात गुंडाळून बसला. ड्रम पाहिलाच नाही, हे एकच पालुपद. मी आवाज चढवला तसा तो आणखीच मिटला. शेवटी चहा मागवला. पोलिसांचा चहा घाबरलेला माणूसही नाकारत नाही, उलट चटकन उचलतो. याने कपाला हात लावला नाही. हवालदाराने टॉवेल बाजूला केला, तर तळहातांची कातडी सोलून निघालेली.

दवाखान्यात का गेला नाहीस, असं मी विचारलं.

“तुमची रिक्षा फिरली नव्हं, साहेब. डाक्टर इचारनार हात कशानं भाजलं, मंग तुमाला कळनार.”

मी खुर्ची जवळ ओढली. चोरीचं राहू दे म्हटलं, आणि त्या ड्रममधलं पोटात गेलं तर काय होईल ते सांगितलं. तो ताडकन उठून उभा राहिला.

“घरात नको म्हनून पुतनीच्या लग्नात दिलाय. आज दुपारचंच लगीन हाय. लई घासून धुतला व्हता वो मी. साहेब, मला आत टाका, पन आदी गाडी काढा.”

लग्न निरगुडसरच्या बाजूला होतं. वाटेत फोनवर फोन लावले, पण बँडच्या दणक्यात कुणाला ऐकू जाणार? इतकी वर्षं नोकरी केली, पण जीपमध्ये देवाचं नाव मी त्या दिवशीच घेतलं.

मांडवामागे चुलाण्याजवळ सात-आठ निळे ड्रम ओळीने उभे होते. प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव. एकावर फक्त पुसल्याचा फिकट पट्टा. त्यात मठ्ठा काठोकाठ भरलेला, आचारी डावाने ढवळत होता आणि पंगतीची पानं मांडून झाली होती. मी दोन्ही हातांनी तो ड्रम लोटून दिला. आचाऱ्याने चवसुद्धा घेतलेली नव्हती. मग मात्र मी तिथल्याच बाकावर बसलो.

त्या शेतकऱ्यावर मी गुन्हा दाखल केला नाही. त्याचे हात भरून आले, पण उपचाराला उशीर झाल्याने बोटं पुरती वळेनात. माणसाला धाक घातला की तो आधी खुणा पुसतो आणि मग दुखणंही लपवतो, एवढं मी शिकलो. वऱ्हाड वाचवलं म्हणून वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते नाव माझ्या भोंग्यामुळे पुसलं गेलं, हे मात्र मी स्टेशन डायरीत लिहिलं नाही.