वाढत्या मापाचे स्केट्स

आमच्या घरात कुणाच्या पायाला बरोबर बसेल असं पादत्राण कधी आलंच नाही. शाळेचे बूट जूनमध्ये आणायचे ते पुढच्या जूनच्या पायाचे. पुढे कापूस कोंबायचा, आणि कापूस काढायची वेळ येईपर्यंत बूटच फाटायचा. त्यामुळे बूट नवाही आहे आणि मापाचाही आहे, हे सुख मला तेराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ते पहिल्यांदा मिळालं बर्फावरच्या हॉकीच्या स्केट्समुळे, आणि तेही हैदराबादेत, जिथं बर्फ दिसायचा तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

मी बागेतल्या सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या स्केट्सवरची हॉकी खेळायचे. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले तेलुगू गृहस्थ. नोकरीत असताना लडाखला गोठलेल्या तळ्यावर खेळलेले. त्यांनी एक दिवस जाहीर केलं की जानेवारीत सिमल्याला बर्फावरच्या हॉकीचं शिबिर आहे आणि आपल्या मुली तिथं जाणार. पण निघण्याआधी एका रविवारी ते प्रत्येकीचं सामान स्वतः तपासतील, आणि जिचे स्केट्स पायात नीट बसणार नाहीत ती घरी बसेल. सर चेष्टा करत नसत.

माझ्या बाबांनी त्यावर आणखी एक कुलूप घातलं. आदल्या वर्षी भाड्याच्या ढिल्या स्केट्समध्ये माझा घोटा असा मुरगळला होता की हाडवैद्याची जाड पट्टी, पुत्तूर कट्टू, बांधून मी कितीतरी दिवस घरात लंगडी घालत होते. "परत तोच घोटा गेला तर खेळ कायमचा बंद," बाबा म्हणाले, "म्हणून सरांनी हो म्हटलं तरच तिकीट काढीन." मला खेळ बंद होण्याची भीती घोट्यापेक्षा जास्त होती. रिंकवर सोडलं तर मी कुठंच धड नव्हते. घरात उद्धट, वर्गात मठ्ठ.

देशाची दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या घराच्या दारातून काका बाहेर गेले होते, कॉम्प्युटरच्या कामासाठी, थेट कॅनडाला. बर्फावरचे स्केट्स मिळतील तर तिथंच. मग माझ्या पायाचं माप पाठवायचं ठरलं, आणि सगळा घोटाळा तिथं सुरू झाला.

आईनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मला लोकरी मोजा घालून उभं केलं आणि पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारली. वरून अंगठ्यापुढे एक बोट सोडून दुसरी रेघ मारली आणि पहिली खोडून टाकली. "वाढीला ठेवलंय जरासं," ती म्हणाली. आई जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घरातली. जगातली प्रत्येक गोष्ट तिला वाढीला ठेवलेली हवी असे. कागद गेला. पंधरवड्यानं बाबा आबिड्सच्या बाजारात परदेशी फोनच्या बूथवर गेले. काचेच्या खोक्यात बिलाचे लाल आकडे पळायला लागले की बाबांची बोबडी वळायची. त्या घाईत ते काकांना म्हणाले, "एक नंबर मोठाच घे रे." बाबा पक्के पुण्याचे, पण बुटांच्या बाबतीत दोघांचं अगदी गोत्र जुळलं होतं. आणि तिकडे दुकानात काकूनं आपल्या मनानं आणखी एक नंबर चढवला. पोर वाढत्या अंगाची, म्हणाली.

दसऱ्याच्या तोंडावर काकांच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुट्टीवर आले आणि खोकं घेऊन आले. काळे चकचकीत स्केट्स, टाचेला लाल पट्टा, पात्यांना अशी धार की आईनं लगेच जमिनीवर सतरंजी टाकली, शहाबादी फरशीला चरे पडू नयेत म्हणून. सोबत जाळीचं हेल्मेट. मी नाडी न बांधता पाय आत घातला, सरांनी शिकवल्याप्रमाणे बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे बोट घालून पाहिलं. एक बोट गेलं तर माप बरोबर, असं सर सांगत. माझा अख्खा पंजा गेला.

"वा! दोन वर्षं बघायला नको," आई खूश होऊन म्हणाली.

मग मी जो गोंधळ घातला तो शेजारच्यांना अजून आठवत असेल. मी ओरडले, स्केट सतरंजीवर आपटला, रडले. कुणी किती वाढवलं याची चौकशी झाली तेव्हा तीन माणसांनी, एकमेकांना न विचारता, तीनदा माप चढवलं होतं हे उघड झालं. आई म्हणाली, मी फक्त बोटभर. बाबा म्हणाले, मी फक्त एक नंबर. काकू हजर नव्हती, म्हणून सगळं खापर तिच्यावर फुटलं. बदलून मागवायचे तर येणारा-जाणारा माणूस मिळेपर्यंत शिबिर आटोपलं असतं. आणि ज्यांनी इतक्या प्रेमानं पाठवले त्यांना मोठे झाले म्हणून कळवायचं, हे आईच्या जिवावर आलं होतं. शिवाय आईजवळ कापूस होताच.

त्यातच खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन आणि बाबांचे स्क्रूड्रायव्हर देवापुढे मांडून पूजा होते. स्केट्सचं काय करायचं यावर आई अडली. चपला म्हणाव्यात तर त्यांची जागा उंबऱ्याबाहेर. शस्त्र म्हणावं तर देवापुढे. बाबा चिडवत म्हणाले, "एक आत ठेव, एक बाहेर." आईनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "ज्याला धार आहे ते शस्त्र." स्केट्स विळीशेजारी बसले. पात्यांना हळदकुंकू लागलं, लाल पट्ट्यावर झेंडूचं फूल. मी मात्र हात जोडून एकच मागत होते, की माझे पाय रातोरात वाढू देत.

बाकीचं सामान जमवणं त्यामानानं मजेचं होतं. आबिड्सच्या खेळाच्या दुकानात बाबांनी बर्फावरच्या हॉकीचं सामान मागितलं तेव्हा दुकानदारानं आधी पंख्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बरफ पे हॉकी? हैदराबाद में? कैकू मजाक करते साब!" शेवटी त्यानं मैदानी हॉकीचे नडगीचे पॅड काढले. तिथंही आई मोठे मागत होती. मी हट्टानं घालून पाहिले: वरची वाटी बरोबर गुडघ्यावर यायला हवी आणि खालचं टोक स्केटच्या जिभेपर्यंत, मध्ये हाड उघडं राहता कामा नये. खांद्यांसाठी आणि छातीसाठी आईनं बेगम बाजारातून जाड फोम आणला आणि जुन्या बंडीत शिवला. बंडी अंगाला घट्ट बसावी म्हणून मी तिच्यासमोर हात वर करून उभी राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या आत्ताच्या मापाचं काहीतरी शिवलं. हेल्मेटची परीक्षा बाबांनी घेतली. हनुवटीचा पट्टा बांधला, मला मान जोरजोरात हलवायला लावली, ते जागचं हललं नाही, आणि मग स्वयंपाकघरातून लाटणं आणून त्यांनी माझ्या डोक्यावर ठोकून पाहिलं. "काही कळलं का?" "नाही." "पास," ते म्हणाले. हेल्मेटच्या आत पट्ट्या सरकवायची सोय होती म्हणून ते वाचलं. स्केट्सना तशी सोय नव्हती.

कापूस घातला, फेल्टचे तुकडे घातले, दोन दोन मोजे घातले. पुढून भरलं तरी मागून टाच उचलायचीच. बाबा ते बघायचे आणि तिकिटाचा विषय टाळायचे. त्याचा अर्थ मला चांगला कळत होता.

तपासणीचा रविवार उजाडला. रिंकच्या कडेला सतरंज्या अंथरल्या होत्या, मुलींचे आईवडील डबे घेऊन आले होते, सामानाचे ढीग पडले होते. माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती अफझलगंजकडची, माझ्याच वयाची, पण माझ्याहून वीतभर उंच आणि आमच्यात सगळ्यात वेगवान. तिचे स्केट्स दुबईहून तिच्या मामूंनी पाठवलेले, निळ्या पट्ट्याचे. तिनं ते घातले तेव्हा ती खालचा ओठ चावत होती. काढले तेव्हा तिची बोटं लालभडक झाली होती आणि नखाखाली रक्त साकळलं होतं.

हे आधी पाहिलं माझ्या आईनं. माणसाच्या तोंडाआधी पायाकडे बघायची तिची सवय. "अगं बाई, हे काय गं?" ती म्हणाली.

मैत्रिणीच्या अम्मी हळू आवाजात म्हणाल्या, "भाईजान इसकू छोटी थी तब देखे थे. अब्बी बी उत्तीच है समझे. इत्ते प्यार से भेजे, छोटे हुए बोले तो उनका दिल टूट जाता ना."

आईला ते लगेच पटलं. पाठवणाऱ्याचं मन हा तिचा स्वतःचाच आजार होता.

तेवढ्यात सर आले. त्यांनी आधी माझी टाच धरून वर ओढली. ती सुळकन निघाली. मग मैत्रिणीची बोटं पाहिली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग ते एकदा लाल पट्ट्याकडे आणि एकदा निळ्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "अदलाबदल करके देखो."

मी आईकडे पाहिलं आणि सगळं संपलं असं समजले. दुसऱ्याच्या पायातलं आपण घालायचं नाही, त्याची साडेसाती आपल्या पायाला चिकटते, हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. देवळाबाहेर चप्पल चोरीला गेली की आई खूश व्हायची, पीडा गेली म्हणायची. धाकट्या मावशीच्या लग्नात मी चुकून दुसऱ्या कुणाच्या चपला घालून आले तर तिनं मला अंगणातच उभं करून पाय धुवायला लावले होते. आता तिचा चेहरा तसाच झाला होता. बाबा दूर बघत होते. मला इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं.

आईनं माझा स्केट उचलला, उलटा केला. पात्याच्या बुडाशी खंडेनवमीचं कुंकू अजून धरून होतं. मैत्रिणीच्या अम्मींनी विचारलं, "ये लाल क्या है?"

"पूजा केली होती. ज्याला धार असते त्याची करतात," आई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. मग माझ्याकडे वळून, जणू मीच अडून बसले होते अशा आवाजात म्हणाली, "बघतेस काय? ह्या काय चपला आहेत? शस्त्र आहे. शस्त्र दुसऱ्याचं चालतं. घाल."

मी निळ्या पट्ट्याच्या स्केटमध्ये पाय घातला. बोटं पुढे टेकली, मागे एकच बोट गेलं. टाच मागे ठोकून नाड्या आवळल्या तेव्हा घोट्याच्या दोन्ही बाजूंनी कातडं असं घट्ट येऊन बसलं की मला हसूच फुटलं. सरांनी टाच ओढली. टाच जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली, मग नुसतं "ओके" म्हटलं आणि पुढच्या मुलीकडे गेले. शेजारी माझी मैत्रीण लाल पट्ट्याच्या स्केट्समध्ये बोटं हलवून बघत होती आणि सारखी म्हणत होती, "अम्मी, दुखतच नै! दुखतच नै!" तिघांनी मिळून वाढवलेलं माप तिच्या पायाला नेमकं आलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होते, बराच वेळ. मग म्हणाले, "उद्याच तिकिटाला जातो." इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. छातीवरचा फोमसुद्धा मोकळा वाटायला लागला होता.

काकांनी फोटो मागितला होता, सगळं सामान अंगावर चढवलेला, त्यांच्या स्केट्ससकट. मामूंनीही मागितला होता. दोन्ही आया एकमेकींकडे बघू लागल्या. मग बाबांनी आम्हा दोघींना सतरंजीवर शेजारी शेजारी उभं केलं, हेल्मेटची जाळी पाडून, सारख्याच जर्सीत, आणि फोटो काढला. धुऊन आल्यावर पाहिलं तर जाळीच्या आतले चेहरे दिसतच नव्हते. लांब बसलेल्यांना ओळख पटणार ती फक्त पट्ट्यांवरून. त्याच फोटोची एक प्रत कॅनडाला गेली आणि एक दुबईला.

सिमल्याहून मी दोन्ही घोटे धड घेऊन परत आले. आल्यावर कळलं की मैत्रिणीकडे मामूंचा फोन येऊन गेला. निळ्या पट्ट्यातली बुटकी पोर बघून ते भलतेच खूश होते. म्हणाले, देखो, मैं बोला था ना, बच्ची अब्बी बी उत्तीच है. मग शेजारच्यांकडे आमच्यासाठी काकूचा फोन आला. आईनं मला जवळ बोलावून रिसीव्हर तिरका धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"केवढी उंच झाली हो वहिनी पोर!" काकू तिकडून ओरडत होती. "बघा, मी एक नंबर मोठा घेतला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं?"

"हो ना," आई म्हणाली. "अगदी मापात बसले."

फोन ठेवून तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. मी तिच्या खांद्याला जेमतेम लागत होते.

"आता तुला वाढावंच लागेल बाई," ती म्हणाली.