दोराच्या मागच्या टोकाला

आमच्या आबांचा एक हट्ट होता. लग्न झालेल्या लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही. जेवतील, चहा घेतील, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवतील आणि दिवस कलायच्या आत एसटी धरून गावी परत. गाव वाळवा तालुक्यात, मी सांगलीला विश्रामबागेत, म्हणजे माझ्याकडं निदान जाऊन येऊन व्हायचं. धाकटी बहीण पाचगणीला. तिथून एका दिवसात परतणं जिवावर यायचं, म्हणून आबा तिच्याकडं जवळजवळ जातच नसत. आई गेल्यावर घरात एकटे राहिले, तरी हट्ट तसाच.

या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही दोघी गावी गेलो. जेवताना आबा म्हणाले, "शेडचे पत्रे गेले. जीप गंजायला लागली. दुरुस्त करा आन कुणाच्या तरी दारात लावा."

आबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. ती कित्येक वर्षांत सुरू झाली नव्हती, पण रोज सकाळी फडकं मारून होत होतं.

"आणि तुमी?" मी विचारलं.

"जीप जितं, तितं मी. लेकीकडं न्हाई राहायचो. जीपकडं राहीन."

मी धाकटीकडं पाहिलं, धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. दोघींच्याही हातातला घास थांबला होता.

"आमच्या गेटवर लावू," ती पटकन म्हणाली. तिचं स्ट्रॉबेरीचं शेत आहे, शेजारी पर्यटकांना द्यायच्या खोल्या आहेत. "लोक फोटो काढतील आबा, तुमच्या जीपचे."

मला इतका राग आला की ताटातली भाजी दिसेना. हिच्याकडं मोठी गाडी, हिच्याकडं शेत, डोंगर, थंड हवा, आणि आता आबाही पाहिजेत. लहानपणी आबा ही जीप बाहेर काढायचे तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची ती हीच. मी मागच्या सीटवर. "तू थोरली, तू मागं काय येतंय बग," असं आबा मला सांगायचे आणि मी मान वळवून धूळ बघत बसायची. पुढं दोघांचं हसणं चालायचं.

पण जीप दुरुस्त होणार कुठं? माझ्या नवऱ्याचं कुपवाडला लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि शेजारच्या गाळ्यात जुन्या जीपची नस माहीत असलेला मेकॅनिक आहे. त्यामुळं पहिल्यांदा कुपवाड, मग पुढचं पुढं, असं ठरलं. म्हणजे दुरुस्ती आमच्याकडं आणि मिरवायला ती. 

मग बंद जीप न्यायची कशी, यावर दोन दिवस चर्चा झाली. धाकटीनं फोनवरून ट्रकवाल्याला विचारलं. गाडी पाठीवर घेऊन नेणारा ट्रक कुपवाडपर्यंत सहा हजार म्हणाला, आणि सरळ पाचगणीला न्यायची असेल तर सोळा, घाटाचे धरून. ते ऐकताना ती माझ्याकडं बघत होती. क्रेनवाला निम्म्यात तयार होता, पण तो पुढची चाकं उचलून नेणार. आबांनी त्याला फोनवरच उडवून लावलं. "मेलेल्या म्हशीगत वडत नेतोस व्हय रं माझी जीप?" माझ्या नवऱ्यानं लोखंडी बार करून देतो म्हटलं, दोन्ही गाड्यांत पक्का बसणारा. त्यात मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला धडकायची भीती नसते. पण तो बसवायला धाकटीच्या नव्या गाडीच्या बंपरला हात लावावा लागला असता, आणि तिचा चेहरा बघूनच तो विषय संपला. शेजारच्याचा ट्रॅक्टर डिझेलच्या पैशात आला असता, पण कारखाना चालू होता, ट्रॅक्टर उसाला जुंपलेला.

"दोर बांदा," आबा म्हणाले. "फुकाट काम. पर मागचा मानूस जागा पायजे."

जीपच्या पेटीतून त्यांनी मिलिटरीतला जाड दोर काढला. जीपची चाकं, ब्रेक गावातल्या मेकॅनिककडून आधीच बघून घेतले होते. धाकटीच्या गाडीच्या हुकापासून जीपच्या हुकापर्यंत दोर ओढून आबांनी गाठ मारली आणि दोराच्या मधोमध लाल कापड बांधलं. डोळ्यामुळं त्यांना चालवायची बंदी होती.

"धाकटे, तू फुडं. थोरले, तू मागं जीपमदी."

"आणि तुमी?"

"मी फुडं. तिला सांगाय नको का कवा थांबायचं, कवा निगायचं?"

झालं. चाळीस वर्षांनी पुन्हा मी मागं.

त्यांनी मला खिडकीपाशी येऊन समजावलं. जीप न्यूट्रलला. दोर ताठ ठेवायचा. दोर सैल पडला की पुढची गाडी हिसका देते आणि दोर तुटतो. पुढची सावकाश होताना ब्रेक मागच्यानं मारायचा, पुढच्यानं नाही. "माझा हात खिडकीतनं सरळ दिसला की हळू. हात खाली गेला की ब्रेक. लाल कापड जमिनीला टेकता कामा न्हाई." मी मान डोलावली, पण ऐकताना मला एवढंच कळत होतं की पुढं एसी आहे आणि इथं सीटचा कोथळा बाहेर आलाय.

निघालो. दुसऱ्याच्या गाडीमागं दोराला बांधून जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तुम्हाला वेग ठरवायचा नसतो, वळायचं कुठं ते ठरवायचं नसतं. समोर चार हातांवर एक काच असते आणि त्या काचेतली दोन डोकी. डावीकडं आबांची पांढरी टोपी. उजवीकडं धाकटीचा अंबाडा. अंबाडा सारखा हलत होता. ती बोलत होती, हसत होती, मान मागं टाकून हसत होती. काय एवढं सांगत होती ती त्यांना? पाचगणीच्या घराबद्दलच असणार. थोरलीकडं विश्रामबागेत काय आहे, दोन खोल्या आणि शेजारच्या कॉलेजचा गोंगाट, असंच काहीतरी. मी त्या दोन डोक्यांवरची नजर हलवली नाही. डोळ्यांत धूळ गेली तरी हलवली नाही. 

आष्टा मागं पडलं. मागून येणारे हॉर्न देऊन पुढं जात होते. मोटारसायकलवरची पोरं माझ्याकडं बघून दात काढत होती. बाईमाणूस बंद जीपमध्ये बसून दोरानं ओढलं जातंय, त्यांना मजा वाटली असणार. एकदोनदा आबांचा हात खिडकीबाहेर सरळ आला, मी ब्रेकवर पाय ठेवला, दोर ताठ राहिला. त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

तुंगच्या अलीकडं आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या. मागच्या ट्रॉलीची मोळी सुटली आणि ऊस रस्त्यावर सांडला. ट्रॅक्टर थांबला. धाकटी घाबरली आणि तिनं जे करायचं नव्हतं नेमकं तेच केलं. कचकन ब्रेक दाबला.

आबांचा हात खाली यायच्या आधी मी तिचा अंबाडा पुढं गेलेला पाहिला होता. मी जवळजवळ उभी राहून ब्रेक मारला. जीप किंचाळली, थोडी तिरकी झाली आणि थांबली. नव्या गाडीचा बंपर आणि जीपचं नाक यांच्यात वीतभर जागा उरली होती. दुसरीकडं कुठं बघत असते तर गेलेच होते तिच्या डिकीत. मी जळत होते म्हणून नजर हलली नव्हती, एवढीच खरी गोष्ट.

गाड्या बाजूला घेतल्या. रस्त्याकडेला चहाची टपरी होती. आबा उतरले, दोर बघितला, लाल कापड बघितलं आणि टपरीवर तीन चहा सांगायला गेले. धाकटी उतरली ती रडतच.

"गप की आता. लागलं न्हाई कुणाला," मी म्हणाले.

"त्याच्यासाठी न्हाई रडत," ती म्हणाली. "आबा माझ्याशी एक शब्द बोललेत का विचार. गाडीत बसल्या बसल्या आतला आरसा स्वतःकडं फिरवून घेतला. आख्खा रस्ता आरशात तुलाच बघत होते. मला मागचं काय सुदिक दिसत नव्हतं."

"मग तू हसत कुणाशी होतीस?"

"फोनवर. खोल्यांचं बुकिंग चालू होतं. मी म्हटलं आबा, जरा माझ्याकडं बघा की. तर म्हणाले, थोरली मागं हाय, मला बगू दे." तिनं पदरानं नाक पुसलं. "लहानपणापास्नं असंच आहे. मला मांडीवर घ्यायचे आणि आरशात तुला बघायचे. तुझ्याकडं निदान जेवायला तरी येतात ते. माझ्याकडं ती जीप आल्याशिवाय कोण येणार आहे, सांग."

मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त मला आनंद झाला, आणि तो लपवायला मी चहात तोंड घातलं.

कुपवाडला पोचलो. जीप गाळ्यात लागली. आणि त्या संध्याकाळी आबांनी एसटी धरली नाही. पिशवीतून लुंगी काढून माझ्या घरी मुक्काम केला. "जीपकडं राहतोय," म्हणाले. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, दुरुस्तीची घाई करू नका. तो म्हणाला, घाई मी करत नाहीच.

मेकॅनिकनं आठवड्यात काम उरकलं. इंजिन ठीक, वायरिंग नवी, तरी जीप सुरू होईना. ठिणगीच पडत नव्हती. आबा रोज सकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून कुपवाडला जायचे, जीपमध्ये बसायचे, मेकॅनिकला म्हणायचे, "बग रं गड्या, काय हाय ते निवांत बग." दुपारी जेवायला घरी. संध्याकाळी माझ्याबरोबर भाजी निवडायला. एवढे सलग दिवस आबा मला लग्नानंतर कधी मिळाले नव्हते.

एकदा त्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात काळ्या रंगाचा, पितळी पट्टी असलेला एक लहान तुकडा लागला. नवऱ्याला दाखवला. तो बघतच राहिला. "हा जीपचा रोटर. हा काढून ठेवला की जीप सुरूच होत नाही. मिलिटरीवाले गाडी कुणी पळवू नये म्हणून काढून खिशात ठेवतात. मेकॅनिकला हे दिसलं नसेल असं होणार नाही, आबांनीच त्याला गप्प बसवलंय." आम्ही एकमेकांकडं पाहिलं. सदरा धुऊन, वाळवून, तो तुकडा मी होता त्या खिशात परत ठेवला. आबांना विचारलं नाही.

धाकटीचे रोज फोन. झाली का? का होत नाही? शेवटी एका सकाळी कुपवाडहून जीप चढवून ती तो ट्रक घेऊनच दारात आली. सोळा हजार तिनं स्वतः भरले. "चालू होऊ दे नायतर नको होऊ दे," ती म्हणाली. आबा उठले. पिशवी घेतली, सदऱ्याचा खिसा वरून चाचपला आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. जीप मागं, ट्रकच्या पाठीवर. ते गेल्यावर माझ्या घरात दिवसभर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्याकडं राहिले त्यापेक्षा जास्त दिवस ते तिच्याकडं आहेत, हे मी रोज मोजते. ती फोटो पाठवते. जीप गेटपाशी, आबा कानटोपी घालून स्टिअरिंगवर, धाकटी शेजारी. ती हसतेय. तो फोटो बघून मला भाकरी गोड लागत नाही. वाईहून मेकॅनिक येऊन गेले, एक साताऱ्याचाही. आबा त्यांनाही शेजारी बसवून चहा पाजतात, आणि कुणाला दोष सापडत नाही.

मला माहीत आहे. एक वाक्य बोलायचं की बास, त्यांच्या खिशात बघ. जीप सुरू होईल, राहायचं निमित्त संपेल, आबा तिच्यातूनच घाट उतरून गावी येतील आणि महिन्यातून एकदा माझ्याकडं जेवायला.

परवा तेच सांगायला फोन लावला. धाकटी म्हणाली, "आक्का, आबा आज दोन भाकरी जेवले. शेतात जाऊन बसतात. खरं सांगू, ही जीप कधीच सुरू झाली नाही ना, तर बरं होईल गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या साताऱ्याच्या मेकॅनिकला काय कळतंय," मी म्हणाले. "नाद सोड. राहू दे तशीच."

फोन ठेवला आणि ते दोघं आत्ता जेवत असतील, काय बोलत असतील, याचा विचार करत जळत बसले.