हँडलाची चिंधी

ती चिंधी मी सोडली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवापुढे हात जोडले तेव्हा देवालाही नाही. तिथंही मी प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलून परत आलो.

नारपोलीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात मी मेहताजी होतो. हिशेब आणि देखरेख ज्याच्याकडे असते त्याला आमच्या धंद्यात मेहताजी म्हणतात. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी तिशी ओलांडली होती. पत्र्याची शेड, लूमच्या दोन ओळी आणि वर आढ्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लोखंडी शाफ्ट. एका मोठ्या मोटरीवर तो शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक लूमला पट्टा आलेला असायचा. लूम बंद करायचा तर त्याचं हँडल मागे सारायचं. पण वरचा शाफ्ट फिरतच राहायचा. बंद लूम दिसायला मेल्यासारखा, पण हँडल ओढलं की त्याच क्षणी जिवंत. म्हणून दुरुस्तीला खाली शिरणारा माणूस आधी हँडलाला चिंधी बांधायचा. चिंधी असेल त्या लूमला हात लावायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण नवा आलेला माणूस धोट्यात सुताची कांडी घालायला शिकायच्या आधी हे शिकायचा.

मी तिथं लागलो तेव्हा कारखान्यात कशाला जागा नव्हती. पाना हवा तर शोधा, तेलाचा डबा हवा तर शोधा. माणूस दिवसभरात काम थोडं करतो आणि शोधतो जास्त, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी भिंतीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक पान्याचा आकार गेरूनं भिंतीवर काढला. पाना जागेवर नसेल तर भिंतच ओरडून सांगायची. कांडीच्या पेट्या जमिनीवरून उचलून उजव्या हाताशी, कमरेच्या उंचीला ठेवल्या. एकाच माणसाच्या दोन लूमचे ताण्याचे बीम एकदम संपू नयेत अशी मांडणी केली. उद्याचं काम आज संध्याकाळीच ज्याला त्याला सांगून टाकायचं, म्हणजे सकाळी विचारण्यात वेळ जात नाही. आणि लाईट गेली की हातावर हात ठेवून बसायचं नाही. चालू लूमला जे करता येत नाही ते सगळं त्या वेळात उरकायचं. मिस्त्रीला तर मी तसं बजावूनच ठेवलं होतं.

कापड वाढलं. शेठ खूश झाले. कामगार हसायचे. आमचा मिस्त्री म्हणजे उत्तरेकडून आलेला, पिकल्या दाढीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत. तो मला म्हणायचा, "मेहताजी, आप तो अपनी अर्थी के बाँस भी नाप के रखोगे." आणि अकलोलीकडच्या एका खेड्यातून आलेला एक लूमवाला होता, शेतीवर भागत नाही म्हणून धंद्यात शिरलेला. तो लगेच जोड द्यायचा, "मेहताजींच्या घरी झुरलं बी रांगेत चालत असतीन." मीही हसायचो. पण ही शिस्त माझ्या अंगात हौसेनं आलेली नव्हती. आधीची नोकरी सुटल्यावर मी बरेच दिवस घरी बसून काढले होते. शेठच्या नजरेला एखादी वस्तू वाकडी दिसेल आणि पुन्हा तेच दिवस येतील, या धास्तीनं मी सगळं सरळ करत फिरायचो.

चिंध्यांचाही नियम मीच केला होता. चाचाला चिंधी बांधायची आठवण असायची, सोडायची नसायची. दुरुस्ती होऊन जायची आणि लूम उगाच उभा राहायचा, कारण चिंधीला शिवायला कुणी धजत नसे. म्हणून मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्यानं नाही." चाचानं मान डोलावली होती. "हाँ बेटा, गाँठ मेरी तो याद भी मेरी."

त्या दिवशी सकाळी शेठचा निरोप आला की मुंबईचा व्यापारी दुपारी माल बघायला येणार, कारखाना झाडून-पुसून ठेवा. दुपार व्हायच्या आत लाईट गेली. लूम थांबले की कानांना एकदम दडे बसल्यासारखं व्हायचं. लोक समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी आत राहिलो. फडकी उचलली, कांडीच्या पेट्या सरळ केल्या, कापसाची भुकटी पंख्यावरून झटकली. फिरत फिरत त्या खेड्यातल्या माणसाच्या लूमपाशी आलो. हँडलाला चिंधी होती. तेलानं काळी झालेली, लोंबती.

सकाळी तो लूम बिघडला होता हे मला माहीत होतं. दुरुस्त झाला की नाही, ते माहीत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, चाचा पुन्हा विसरला. वाकून बघितलं नाही. अंगावर धुतलेला पांढरा लेंगा होता आणि लूमखाली तेल सांडलेलं असतं. हाक मारली नाही. हाक मारली असती तरी त्याला ऐकू आली असती की नाही कोण जाणे, आयुष्यभर लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसांचे कान निम्मे गेलेले असतात. पण मी ती मारली नाही, हे खरं. मी गाठ सोडली, चिंधी खिशात कोंबली आणि कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेलो.

चाचा लूमच्या पलीकडच्या अंगाला खाली होता. दातेरी चाकांत हात घालून. लाईट गेल्यावर रिकामं बसायचं नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं.

लाईट आली. शाफ्ट घरघरला, पट्टे हलायला लागले. चाचानं हात बाहेर काढला नाही. का काढील? त्याच्या लेखी हँडलाला चिंधी होतीच. लोक चहा टाकून धावत आत आले, कारण लाईट आल्यावर रेंगाळलेलं मला चालत नसे. सगळ्यांत चपळ तो खेड्यातला. त्यानं येता येताच हँडल ओढलं.

ओरडणं मला ऐकू आलं नाही. लूम अडकला आणि पट्टा घसरल्याचा कर्कश आवाज आला. मी वळलो तेव्हा तो खेड्यातला माणूस हँडल मागे सारून दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता आणि बाकीचे खाली वाकले होते. चाचाच्या उजव्या हाताकडे मी एकदाच बघितलं. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

त्याला उचलून बाहेर नेलं. सगळे त्याच्या मागे गेले. मी लूमपाशी एकटाच उरलो आणि माझा हात खिशात गेला. तेव्हा मला कळलं की काय झालं आहे. बाहेरून कुणीतरी आत येतंय असं वाटलं. मी चिंधी काढली आणि हँडलाच्या खाली जमिनीवर टाकली. ती पडली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. पडली नाही. टाकली.

दवाखान्यातून चाचाचा निरोप आला की त्यानं चिंधी बांधली होती. शेठनी सगळ्यांना हिशेबाच्या खोलीत, आपल्या गादीवर बोलावलं. खेड्यातला माणूस दाराशी उभा होता, आत यायला तयार नव्हता.

"चिंधी न्हवती शेठ," तो म्हणाला. "माज्या पोरांची शपत. हँडल मोकलं व्हतं."

"मग खाली सापडली ती काय आभाळातून पडली?" कुणीतरी म्हणालं.

"घाईत खेचली असेल. ह्याला सगळ्यांच्या आधी लूम चालू करायचा असतो ना," दुसरा म्हणाला.

शेठ माझ्याकडे वळले. "मेहताजी, तुमची नजर चुकत नाही. तुम्ही आत होता. चिंधी होती का?"

आता पुढचा प्रश्न येणार, आणि मग नोकरी जाणार, पोलीस येणार, बायको-मुलीला घेऊन कुठं जायचं, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "होती. मी फेरी मारली तेव्हा बघितली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माझ्यासारखा माणूस चिंधीला हात लावील, हे कुणाच्या मनातच येण्यासारखं नव्हतं. नियम माझाच होता ना.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. "मेहताजींनी बगितली?" तो हळूच म्हणाला. "मंग माज्या डोल्यांना का नाय दिसली?"

त्याला त्याच दिवशी काढलं. नारपोलीत दुसऱ्या कुणी त्याला उभं केलं नाही. चिंधी सोडणारा माणूस कोण ठेवील? काही महिन्यांनी मी कशेळीच्या पुलावरून एसटीनं ठाण्याला चाललो होतो, तेव्हा तो खाडीवर रेतीच्या पाट्या वाहताना दिसला. मी खिडकीपासून तोंड फिरवलं. पूल संपेपर्यंत शेजारच्या माणसाशी काहीबाही बोलत राहिलो.

चाचा बरा होऊन आला. पाना धरण्याजोगा हात उरला नव्हता. शेठनी त्याला दारावर राखणीला बसवलं. येता-जाता तो मला हाक मारायचा आणि प्रत्येक हाकेला मला वाटायचं, आज ह्याला कळलं. पण तो म्हणायचा, "बेटा, तूने सच बोला, इसलिए मेरी बात रह गई. नहीं तो सब बोलते, बुड्ढा भूल गया होगा." मी मान हलवून आत जायचो. मग तो कायमचा त्याच्या मुलखात गेला. तो गेला त्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

भीती मात्र गेली नाही. घरी लाईट जाऊन परत आली की पोरं टाळ्या वाजवतात आणि मी खिसा चाचपतो. मी आणखी नीटनेटका झालो. कपाटात कपड्यांच्या घड्या एका रेषेत, पेटीत कागद वर्षावार. नात्यातली माणसं मुलांना माझ्याकडे पाठवतात, यांच्याकडून शिका म्हणून. मी शिकवतोही. हातातलं काम संपवून मगच दुसरं घ्या, वस्तू घेतली तिथं ठेवा, दुसऱ्यानं लावलेली खूण त्याला विचारल्याशिवाय हलवू नका. हे शेवटचं मी जरा जास्तच जोर देऊन सांगतो. का, ते कुणी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात बायकोच्या गुडघ्यांसाठी अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. तिला तिथं सोडलं आणि मी त्या माणसाच्या गावाची वाट विचारली. चाळीशी उलटली होती, आता आणखी किती वर्षं भ्यायचं, असं घरून निघताना ठरवलं होतं. वाटेत काय बोलायचं ते वाक्य मी मनात लावून घेतलं, नेहमीच्या सवयीनं.

तो ओट्यावर बसून टोपलीची वीण दुरुस्त करत होता. मला बघून पटकन उठला. "मेहताजी? या, या. अगो, पानी आन." त्याची बायको तांब्या घेऊन आली. त्यानं घोंगडी झटकून मला बसायला दिली. कारखाना कसा आहे विचारलं, शेठचं विचारलं. मग चाचाचं विचारलं.

"गावी गेला," मी म्हणालो. "पुढचं काही कळलं नाही."

त्यानं टोपली पुन्हा हातात घेतली. "मेहताजी, पयले मी सगल्यांना सांगत फिरायचो का चिंधी न्हवती. मंग इचार केला. तुमी बगितली म्हनता, तर ती व्हतीच. तुमी कशाला खोटं बोलाल? मीच खेचली असंल घाईत. मानसाला ध्यानात राहत न्हाय." त्याची बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तो पुढे म्हणाला, "चाचा भेटला तर सांगा, मी मुद्दाम न्हाय केलं."

माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी गोड आहे तुमच्याकडचं." मग उठलो. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी मागे वळून बघितलं नाही. कुंडावर बायको म्हणाली, "थरथरताय का एवढे?" मी म्हणालो, थंडी.

चाचाची माफी मागायची वेळ गेली असावी. पण तो माणूस अजून त्याच ओट्यावर आहे, आणि न केलेली चूक त्यानं आपली मानली आहे. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायको-मुलांसमोर, मी खरं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.