गोवर एकदाच होतो

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी बोदवडला चिंधा तायडे यांच्या नव्या घराचा प्रवेश झाला. मांडव, जेवण, भन्तेजींचे दान आणि खुर्च्यांचे भाडे धरून सत्तावीस हजार तीनशे साठ रुपये खर्च आला. पैशांची पिशवी त्यांनी माझ्याकडे सोपवली होती, म्हणून आकडा मला माहीत आहे. दीपनगरच्या वीज केंद्रात ते कोळसा विभागात फिटर होते आणि मी लेखा विभागात. ते निवृत्त होऊन गावी गेले तरी आमचे जाणेयेणे राहिले.

चिंधाभाऊंच्या आधी त्यांच्या आईचे दोन मुलगे देवीच्या साथीत गेले होते. आईने त्यांना दवाखाना दाखवला नाही. उंबऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली आणि आलेली माता आपणहून जाईल म्हणून वाट पाहिली. तिसरा मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव चिंधा ठेवले. फाटक्या चिंधीला कोणी हात लावत नाही, मरणसुद्धा लावणार नाही, असा त्या माउलीचा हिशेब होता. तो खरा ठरला.

मोठे झाल्यावर चिंधाभाऊंनी पहिले काम केले ते म्हणजे घरामागचा मातेचा शेंदूर फासलेला दगड उचलून नाल्यात टाकला. आई आठ दिवस जेवली नाही. ते म्हणाले, "नको जेवू. माझे भाऊ खाऊन त्या दगडाचं पोट भरलंय, तू उपाशी राहिलीस तर त्याला काय?" हे त्यांनी मला स्वतः सांगितले होते, आणि सांगताना हसले होते. जीभ अशी होती. एकदा बोदवडच्या स्टेशनवर लोटन नावाच्या शेजाऱ्याच्या मुलाच्या गळ्यात काविळीची माळ दिसली. चिंधाभाऊंनी ती चारचौघांत तोडली. "लोटन, पोराला दवाखान्यात ने. नाहीतर असं कर, गळ्यात दोरी घालायचीच हौस असेल तर स्वतःच्या घाल." सगळे हसले. लोटन खाली बसून मणी गोळा करत राहिला.

स्वतःच्या मुलांना आणि नातवाला त्यांनी प्रत्येक लस वेळेवर टोचून घेतली होती. चुकली ती एकच, आणि ती का चुकली हे नीट सांगायला हवे.

नातू प्रशील, म्हणजे त्यांचा मुलगा आकाश आणि सून साक्षी यांचा मुलगा, नऊ महिन्यांचा झाला आणि गोवराच्या लसीची वेळ आली, त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. तीन दिवस ताप चांगलाच होता, पण पोर खेळत होते, दूध पीत होते. डोळे लाल नव्हते, खोकला नव्हता. चौथ्या दिवशी ताप एकदम उतरला आणि छातीपाठीवर बारीक गुलाबी पुरळ उठले. दोन दिवसांत तेही गेले. शेजारच्या द्रौपदाबाई डहाळा घेऊन आल्या. त्या मूळच्या साक्रीकडच्या, सत्तरी उलटलेल्या, आणि पुरळ कसलेही असो, त्यांच्या लेखी ती माताच. चिंधाभाऊंनी डहाळा रस्त्यावर फेकला. ते म्हणाले, "माता नाही आणि बिता नाही. हा गोवर आहे. विषाणूचा आजार. आपला आपण जातो."

डॉक्टरला दाखवायची गरज पडली नाही, कारण पोर बरे झाले. पुढच्या आठवड्यात आशाताई लसीसाठी बोलवायला आल्या तेव्हा चिंधाभाऊ म्हणाले, "ताई, याला गोवर होऊन गेला. एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही. आता ती सुई कशाला?"

"आबा, दाखवलं होतं का कुणाला? अंगावर उठतं ते सगळंच गोवर नसतं."

"मला शिकवू नका. मी कडुलिंबवाला नाही."

आशाताई आणखी दोनदा आल्या. तिसऱ्यांदा त्यांना पाणीही विचारले नाही.

या गोष्टीला सव्वा वर्ष झाले आणि घरप्रवेश आला. धुळ्याहून मुलगी कामिनी, जावई नीलेश आणि त्यांची सात महिन्यांची संबोधी त्याच दिवशी सकाळी आली होती. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेले मूल. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर देतात, तेव्हा तिला अजून ती मिळायची होती.

प्रशीलला चार दिवसांपासून ताप होता. नाक गळत होते, खोकला होता, डोळे लाल होऊन चिकटत होते. उजेडाकडे पाहिले की रडायचा. साक्षी दोनदा म्हणाली, दवाखान्यात नेऊ. चिंधाभाऊंनी सांगितले, कार्यक्रम उरकला की सोमवारी. रविवारी सकाळी पोराच्या कानामागे आणि कपाळावर लाल पुरळ दिसले. दुपारपर्यंत ते गळ्यापर्यंत उतरले.

"आता ताप उतरेल," चिंधाभाऊ मला म्हणाले. "मागच्या वेळी असंच झालं होतं."

मी पोराच्या कपाळाला हात लावला. ताप उतरलेला नव्हता. वाढला होता.

वंदना झाली. मागच्या अंगणात बट्ट्या तळणे चालले होते, वरणाला फोडणी पडली आणि ठसका पुढच्या खोलीपर्यंत आला. तेवढ्यात द्रौपदाबाई काठी टेकत दारात उभ्या राहिल्या. त्यांची नजर साक्षीच्या खांद्यावरच्या पोरावर गेली.

"चिंधा, आयक मन्हं. पोऱ्याले माता निंघेल शे. आनि तुन्हा घरमा फोडनी? बठ्ठा लेकरेस्ले दूर ठेव. ती धाकली पोर शे ना, तिले तर या घरमा ठेवूच नको."

"अक्का, मागच्या वेळीही माताच होती ना?"

"व्हती."

"आणि मी डहाळा फेकला. मग तिनं काय केलं माझं? घाबरून पळाली?"

पाहुणे हसले. द्रौपदाबाई हलल्या नाहीत. "हास. पन पोर दूर ठेव."

मग चिंधाभाऊंनी जे केले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आतल्या खोलीत संबोधीसाठी पाळणा बांधला होता. त्यांनी साक्षीच्या खांद्यावरून प्रशीलला घेतले आणि पाळण्यात संबोधीच्या शेजारी निजवले.

कामिनी पुढे आली. "आबा, नको. त्याला खोकला आहे."

"तू पण माता मानायला लागलीस? धुळ्याला दिलं म्हणून अक्कल इथेच ठेवून गेलीस का? याला गोवर होऊन गेलाय. गोवर एकदाच होतो. झोपू दे दोघांना. बघू कोणती बाई येते."

इतक्या माणसांसमोर बापाला उलट बोलायची तिची हिंमत झाली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. नीलेश बाहेर वाढप करत होता. दोन्ही पोरे जेवणाची पंगत उठेपर्यंत एका पाळण्यात होती. प्रशील खोकत होता आणि संबोधी त्याचे बोट तोंडात घालत होती. संध्याकाळच्या गाडीने कामिनी धुळ्याला गेली.

सोमवारी प्रशीलला जळगावला नेले. मुलांच्या डॉक्टरांनी त्याला टॉर्चच्या उजेडात पाहिले, गालाच्या आतून पाहिले आणि विचारले, "गोवराची लस?"

"त्याला गोवर होऊन गेलाय."

"कुणी सांगितलं?"

चिंधाभाऊंनी मागची हकिकत सांगितली. डॉक्टर वयाने लहान होते, पण बोलले ते शांतपणे. "काका, आधी ताप, ताप उतरल्यावर पुरळ, आणि पोर मजेत, तो गोवर नव्हता. लहान बाळांना होणारा साधा विषाणूचा ताप होता. त्याला औषधही लागत नाही. गोवरात पुरळ उठतं तेव्हा ताप उतरत नाही, चढतो. सोबत खोकला, सर्दी, लाल डोळे. पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली येतं. हा गोवर आहे. रक्त तपासायला पाठवतो, पण मला शंका नाही." मग त्यांनी विचारले, "याच्या जवळ आणखी कुणी लहान मूल आलं होतं?"

साक्षी म्हणाली, "नणंदेची मुलगी. सात महिन्यांची. कालच."

"मग आजच फोन करा. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला संपर्कापासून तीन दिवसांत लस देता येते. उपयोग होण्याची शक्यता असते. बुधवारनंतर ती संधी गेली."

बाहेर आल्यावर साक्षीने मोबाईल काढला. चिंधाभाऊंनी तो तिच्या हातातून घेतला.

"रिपोर्ट येऊ दे."

"आबा, ते म्हणाले आजच..."

"काल शंभर माणसांत मी बोललो. आज पोरीला सांगू की चुकलो, आणि परवा रिपोर्ट आला की काहीच नव्हतं? मग ती म्हातारी आयुष्यभर माझ्या दारात डहाळा बांधेल. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. आणि तूही बोलायचं नाही."

आकाश बापापुढे गप्प बसणारा. साक्षी सासऱ्यापुढे गप्प बसली. बुधवार गेला. रिपोर्ट शनिवारी आला. गोवरच होता. तेव्हा त्यांनी धुळ्याला फोन केला आणि जपून बोलले: प्रशीलला थोडा गोवराचा संसर्ग निघाला आहे, संबोधीला एकदा दाखवून घ्या. नीलेशने त्याच दिवशी दाखवले. डॉक्टर म्हणाले, लसीचा वेळ गेला, आता लक्ष ठेवा, ताप आला की लगेच आणा.

मार्चच्या सुरुवातीला संबोधीला ताप आला. मग डोळे लाल झाले, मग कानामागे पुरळ. प्रशील तोवर बरा होऊन अंगणात तीनचाकी सायकल फिरवत होता. संबोधीचा गोवर छातीत उतरला. नीलेशने तिला धुळ्याच्या रुग्णालयात भरती केले. चिंधाभाऊंनी मला फोन करून सोबत बोलावले आणि आम्ही दोघे एस.टी.ने धुळ्याला गेलो. रस्ताभर ते एकदाच बोलले. म्हणाले, "ऑक्सिजन लावलाय म्हणजे बरी होईल. ऑक्सिजनवर माणूस बरा होतो."

वॉर्डाबाहेर बाकावर नीलेशची आई बसली होती. तिने चिंधाभाऊंना पाहून जागा करून दिली नाही.

"या, व्याही. विज्ञान घेऊन आलात का पिशवीत?"

चिंधाभाऊ उभे राहिले.

"सहा वर्षं वाट पाहिली आम्ही या लेकरासाठी. तुम्ही तिला पाळण्यात तपासायला घातलं. दगड नाल्यात टाकला म्हणतात तुम्ही. आता माझी नात कुठं टाकायची ते पण सांगा."

नीलेश तिला गप्प करायला आला नाही. तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आई, त्यांना बसू दे. त्यांना गोवर होऊन गेलाय. त्यांना काही होत नाही."

१४ मार्चला सकाळी संबोधी गेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तेव्हा चिंधाभाऊ पुढे झाले आणि विचारू लागले की न्यूमोनिया कोणत्या बाजूला होता, कोणते इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी एक-दोन प्रश्नांची उत्तरे दिली. तिसऱ्याला म्हणाले, "काका, आता त्याचा काय उपयोग?" आणि आत गेले.

कामिनी पोर मांडीवर घेऊन बसली होती. संबोधीच्या अंगावरचे पुरळ तपकिरी पडले होते. कामिनी रडत नव्हती.

"आबा, वहिनीनं मला सांगितलं. डॉक्टरांनी सोमवारीच फोन करायला सांगितलं होतं."

"रिपोर्ट यायचा होता, बाई."

"मंगळवार होता. बुधवार होता. तुम्ही मला नुसतं म्हणायचं होतं, कामिनी, सुई टोचून घे. का ते सांगायचं नव्हतं. चुकलो म्हणायचं नव्हतं. मी विचारलं नसतं. तुम्हाला मी कधी काही विचारलंय?"

चिंधाभाऊंनी नातीच्या पायाला लावायला हात पुढे केला. कामिनीने दुपट्याने पाय झाकले.

त्यानंतर त्यांच्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. कामिनी माहेरी येत नाही. साक्षी सासऱ्याला जेवायला वाढते, बोलत नाही. संबोधी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती स्वतः आशाताईंकडे गेली आणि प्रशीलच्या राहिलेल्या लसीचे डोस तिने विचारून लिहून घेतले. सासऱ्याला विचारले नाही. द्रौपदाबाईंनी नव्या घराच्या उंबऱ्यावर खरोखरच डहाळा बांधला. चिंधाभाऊंनी तो काढला नाही. वाळून त्याची पाने पडली, तेव्हा त्यांनी दुसरा बांधला. त्यांना वाटते, ती माताच होती हे त्या बाईंचे म्हणणे खरे ठरले. ते खरे नव्हते. त्या प्रत्येक पुरळाला तेच म्हणतात. पण हे त्यांना आता कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडाने ते द्रौपदाबाईंना सांगणार?

गल्लीत कुणाच्या पोराला घामोळे आले तरी स्टेशनच्या चहाच्या टपरीवर आवाज होतो, "चिंधाआबा, कोणत्या पाळण्यात टाकू?" सर्वांत मोठ्याने लोटन हसतो. चिंधाभाऊ चहा अर्धा ठेवून उठतात. मी एकदा म्हटले, तिकडे जाऊच नका. म्हणाले, "जायला पाहिजे, भाऊसाहेब. आणखी कुठं कुणी माझ्याशी बोलतं?"

रुग्णालयातून संबोधीला दफनाला नेले ते हबीब नावाच्या माणसाच्या व्हॅनमधून. सहाशे रुपये ठरले होते. उतरल्यावर नीलेशने तीनशे दिले आणि म्हणाला, उरलेले ज्यांनी हे केले ते देतील. चिंधाभाऊंनी नोटा काढल्या. कामिनी हबीबला म्हणाली, "भाई, यांचे पैसे माझ्या लेकीच्या गाडीला नको." हबीबने दोघांकडे पाहिले, "राहू द्या, नंतर बघू" म्हणाला आणि गाडी वळवून गेला. चिंधाभाऊंनी नंतर दोनदा पैसे पाठवले; कामिनीचे बोलणे ऐकलेले होते म्हणून हबीबने घेतले नाहीत. नीलेशनेही दिले नाहीत.

हबीबचे तीनशे रुपये द्यायचे राहिले आहेत.